ग्रंथाला मी लावलेली ठिगळं

आमच्या वसाहतीतल्या विहारात बायकांचं ग्रंथवाचन दुपारी चारला असतं. आषाढ पौर्णिमेला सुरू होतं ते अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने. पुरुषांचं वाचन संध्याकाळी, कामावरून आल्यावर. आमचं चारला, कारण चारला भांडी झालेली असतात आणि चहा व्हायचा असतो. फक्त नळाला पाणी येतं त्या दिवशी विहारात चार-पाच जणीच येतात, आणि त्यावरून कुणी कुणाला बोलत नाही. आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यापुढं कुणाचं काय चालतं.

त्या वाचनाला मी अकरा वर्षं बसले. म्हणजे समोर, चौरंगाच्या मागं, ग्रंथ उघडून. बाकीच्या सतरंजीवर. जागा म्हणाल तर चार बोटं उंच, त्याहून जास्त नाही. पण त्या चार बोटांनी माणसाचं काय होतं ते मला सांगायचं आहे, आणि ते स्वतःवरूनच सांगते. दुसऱ्याचं सांगायला गेले की मी लई रंगवते.

मी शाळेत गेलेली नाही. देवगाव रंगारीहून लग्न होऊन इथं आले तेव्हा सही म्हणून अंगठाच लावत होते. आमचे मालक बस डेपोत मेकॅनिक. दुपारचा डबा घेऊन मी जायची आणि ते हातावरचं ग्रीस धुऊन येईपर्यंत बाकड्यावर बसून गाड्यांच्या पाट्या बघायची. कोणती गाडी कुठं जाते ते कानाला माहीत होतं, कंडक्टर ओरडून ओरडून सांगायचे. मग कानातलं नाव आणि पाटीवरचा आकार जुळवायचा. पैठण सोपं गेलं, जालना सोपं गेलं. सिल्लोडनं मात्र छळलं. त्यातला तो ल ला चिकटलेला ल काही केल्या सुटेना. महिनाभर मी ती गाडी बघत होते. ज्या दिवशी सुटला त्या दिवशी मालक समोर येऊन उभे राहिले तरी मी डबा मांडीवर धरून बसलेली. ते म्हणाले, जेवायला देतीस का मीपण सिल्लोडला जाऊ? पुढं पोरीच्या पुस्तकांतून जोडाक्षरं आली, मग वर्तमानपत्र आलं, आणि साठीच्या आसपास ग्रंथ.

तेव्हा बायकांत धडाधड वाचणारी मी एकटीच होते. ज्या शिकलेल्या होत्या त्या चारच्या वेळी ऑफिसात असायच्या. म्हणून मला समोर बसवलं. सुरुवातीला मी घाबरत वाचायची. तीन वर्षांनी घाबरणं गेलं. पाच वर्षांनी असं झालं की रस्त्यात कुणी भेटलं तर म्हणायचं, अक्का, काल लई छान वाचलं. मी म्हणायची, त्यात माझं काय, ग्रंथाचंच सगळं. तोंडानं असं म्हणायची. आत काहीतरी फुगायचं, ते मला कळायचं, पण मी तिकडं बघत नव्हते.

डोळ्यांचं दहाव्या वर्षी सुरू झालं. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग ओळींच्या मधली मोकळी जागा आणि ओळ यांच्यात फरक दिसेना. सगळं पान दूध सांडल्यासारखं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर तांदळातले खडे राहायला लागले तेव्हा सुनेनं धरून डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकला आहे, लवकर करून टाका. सुनेनं तारीख विचारली. मी म्हणलं, वर्षावास संपू द्या.

कारण सरळ दिसत होतं. एका डोळ्याला महिना, दुसऱ्याला महिना, थेंब टाकायचे, वाकायचं नाही, वाचायचं नाही. तीन महिन्यांतले दोन गेले असते. त्या दोन महिन्यांत चौरंगामागं दुसरं कुणीतरी बसलं असतं. सुनेला मी सांगितलं की बायकांचं वाचन बंद पडंल. तिनं ते खरं मानलं. मीही मानलं.

मग मी बसत राहिले. नऊ-दहा वर्षं एकच ग्रंथ दर पावसाळ्यात वाचला की तो पाठ होत नाही, पण अंगात मुरतो. पान कुठं संपतं ते हाताला माहीत असतं. मी ग्रंथ उघडायची, बोट ओळीवर ठेवायची आणि म्हणत जायची. आठवत होतं ते तसंच यायचं. मधेच धागा तुटला तर मी थांबायची नाही. थांबलं की कळलं असतं. मी त्या जागी एक वाक्य माझ्या मनचं लावायची आणि पुढं जायची, फाटल्या लुगड्याला ठिगळ लावावं तसं. अर्थ तोच ठेवायची, निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

वाचनाआधी रोज त्रिसरण-पंचशील होतं. वाचणारी आधी म्हणते, बाकीच्या मागून म्हणतात. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. म्हणजे रोज चारला मी मोठ्या आवाजात, वीस-पंचवीस बायकांकडून वदवून घेत, खोटं बोलणार नाही असं म्हणायची आणि लगेच न दिसणारं पान उघडायची. दोन वर्षावास हे चाललं. मला टोचायचं का? खरं सांगते, फार नाही. मी मनाशी म्हणायची, मी कुठं कुणाला सांगितलं की मला दिसतं? मी नुसती पानं उलटते. खोटं म्हणजे जिभेचं काम असं मी धरून बसले होते. बोटानंही खोटं बोलता येतं, बसण्यानंही बोलता येतं, हे मला सत्तरीला कळलं.

आणि एक गंमत. बायकांना माझी ठिगळंच जास्त आवडायला लागली. एखादी म्हणायची, आज ग्रंथ अगदी आपल्यातला वाटला. मी घरी जाऊन आठवून बघायची की तिला कोणतं आवडलं, तर माझंच असायचं. त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं असं.

आता ज्या बाईमुळं हे सगळं उघडं पडलं तिचं सांगते. आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. वयानं माझ्याहून दहा वर्षं लहान, शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम केलेली, आवाज मोठा, हात मोठे. तिचा एकुलता मुलगा बजाजनगरला राहतो, वाळूजच्या कंपनीत कामाला. हे उघडं पडायच्या चार वर्षं आधी तिच्या नवऱ्याला दुपारी अचानक छातीत कळ आली. तिनं मुलाला फोनवर फोन केले. कंपनीत शिफ्टला आत जाताना फोन गेटवर पेटीत ठेवावा लागतो. शिफ्ट सुटल्यावर त्यानं फोन हातात घेतला तेव्हा त्यात तिचे सव्वीस कॉल होते. तो आला तोवर बापाला दवाखान्यातून घरी आणलेलं होतं, पांढऱ्या कापडात. दारात माणसं जमलेली. तिनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं, आता कुणाला बघायला आलास?

त्यानं बापाचं सगळं केलं. आणि नंतर पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. तिनंही बोलावलं नाही. मधे त्याला मुलगी झाली, तीन वर्षांची होत आली, तरी हिनं तिला पाहिलेली नव्हती. बजाजनगर काही परदेशात नाही. शहर बसनं पाऊण तास.

ही गोष्ट ती रोज सांगायची. वाचन सुटलं की विहारासमोर पिंपळाच्या पारावर बसायची आणि जी सापडेल तिला सांगायची. त्यात तिची चूक कधी नसायची. कधी कंपनी, कधी सून, कधी मुलाचं काळीज दगडाचं. आम्ही सगळ्या चुकचुकायचो. मी तर तिच्या शेजारचीच, माझी सुटका नसायची. चार वर्षं मी ते ऐकलं. माझ्या अकराव्या वर्षीच्या भाद्रपदात एक दिवस दुपारी तिनं वाचनाच्या आधीच सुरू केलं, आणि मी चौरंगामागं जाऊन बसले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं.

त्या दिवशी धागा तुटला नव्हता. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पुढचं वाक्य मला आठवत होतं. तरी मी ते सोडून दिलं, पानावर बोट ठेवलं आणि ग्रंथ वाचायच्या आवाजात म्हणलं, "ज्याला आपला मान पाहिजे तो दाराच्या आत बसतो. ज्याला माणूस पाहिजे तो चप्पल घालतो."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, तवा चपला व्हत्या का गं? मी म्हणलं, वहाणा म्हण. दोघी-तिघी हसल्या आणि वाचन पुढं गेलं. ऑपरेशननंतर दिसायला लागल्यावर मी ते पान काढून पाहिलं. तिथं भिक्षूंनी भिक्षेला कधी जावं, किती घ्यावं, असं साधं काहीतरी होतं. मानापमानाचा त्यात संबंधही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वाचनाला आली नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी आली ती चौरंगापाशीच. माझे दोन्ही हात तिनं धरले. तिनं जे सांगितलं ते असं की त्या वाक्यानंतर तिला घरी बसवेना. सकाळी उठून तिनं चपला घातल्या आणि बस धरली. दार सुनेनं उघडलं. सून दार धरून नुसती उभी. हिला दुसरं काही सुचेना, तर हिनं ते वाक्यच म्हणून टाकलं, आणि म्हणाली, ग्रंथात आलं म्हणून आले. सुनेनं आत घेतलं. मुलगा दुपारी शिफ्ट करून आला, आईला बघून डबा हातात धरून तसाच खाली बसला. तीन दिवस ती तिथं राहिली. नात दुसऱ्या दिवशी मांडीवर आली.

बायका डोळे पुसत होत्या. मी काय करत होते? मी खूष होते. ग्रंथासाठी नाही, तिच्यासाठीही थोडंच. माझं वाक्य बसमधून बजाजनगरला जाऊन आलं होतं, त्याची ती खुशी होती.

ती खुशी पंधरा दिवस टिकली. मग ती बाई एक दिवस माझ्या घरी आली. अश्विन पौर्णिमेनंतर चार दिवसांनी तिच्या नवऱ्याच्या पुण्यस्मरणाचा दिवस यायचा होता. या वर्षी मुलगा करणार होता, भन्तेजींना बोलावणार होता, पत्रिका छापणार होता. पत्रिकेवर वर ते वाक्य टाकायचं, खाली ग्रंथाचं नाव आणि पान क्रमांक. मुलाला हे सगळं बरोबर पाहिजे होतं, तो कंपनीत तपासणी खात्यात आहे. पौर्णिमेला तो बायकोमुलीला घेऊन विहारातही येणार, तेव्हा ते पान त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. हिला वाचता येत नाही. म्हणून म्हणाली, अक्का, तेवढं पान काढून ठेव.

मी म्हणलं, बघते.

ते "बघते" माझ्या तोंडातून निघालं आणि मला वाटतं, त्या दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. इतका सहज निघाला होता तो.

पुढं आठवडाभर मी काय काय विचार केला ते सांगते, कारण शील पाळणं म्हणजे काय याची माझी सगळी शिकवण त्या आठवड्यातली आहे. पहिला विचार आला, पत्रिका एकदा छापून झाली की मग पान कोण बघत बसतंय. दुसरा आला, ग्रंथात नसलं तरी ग्रंथाच्या विरुद्ध नाही. तिसरा सगळ्यात चांगल्या कपड्यात आला. तो म्हणाला, खरं बोलायचं तर ते कामाचं पाहिजे आणि वेळेवर पाहिजे, हे आपण ऐकलेलं आहे. चार वर्षांनी माय-लेक बोलायला लागली, ते मोडून तुला काय मिळणार? थांब. वेळ येऊ दे.

मला सकाळी थोडा वेळ डोळे मिटून बसायची सवय आहे. श्वास बघायचा, बाकी काही नाही. त्या दिवसांत मी बसले की हा तिसरा विचार यायचा, आणि मी त्याला नुसती बघायची. चार-पाच दिवसांनी दिसलं की त्याच्या तोंडी तिचं नाव आहे, पण तो बोलतोय माझ्या जागेबद्दल. तिचं घर मोडेल ही भीती होती, खोटी नव्हती. पण तिच्या खाली दुसरी एक दबून बसली होती: कळलं की ही वाचत नव्हती, तर मला उठवतील. आणि मी वेळेची वाट बघत होते, तर वेळ म्हणजे अशी चीज की जो लपवतो त्याला ती कधी सापडतच नाही.

पौर्णिमा पाच दिवसांवर आली तेव्हा मी तिच्या घरी गेले. त्या दिवशी नळ आले होते. रस्ता मला पायानं माहीत होता. ती अंगणात टाक्या भरत होती, तीन निळे ड्रम आणि एक हंडा, पाइप एकच.

मी म्हणलं, "बाई, ते पान नाय."

"फाटलं का?"

"फाटलं नाय. नव्हतंच."

पाइप एका ड्रममधून काढून तिनं दुसऱ्यात घातला. "नव्हतं म्हंजी?"

मी सांगितलं. दोन वर्षं झाली, मला अक्षर दिसत नाही. येतं ते म्हणते, येत नाही तिथं मनचं घालते. ते चपलेचं माझं आहे.

तिनं पाइप हलवून ड्रममध्ये नीट बसवला. मग म्हणाली, "तरीच चप्पल."

इथं मला थांबता आलं असतं. माझ्यातलं कुणीतरी मला पदराला धरून ओढत होतं, की झालं, खरं बोललीस, चल घरी. डोळ्यांचं सांगणं सोपं होतं. डोळे माझ्या हातात नव्हते, लोक कीवच करतात. मी त्या ओढण्याकडं बघितलं आणि पुढं बोलले.

"आणि ते मी तुझ्यावरच बोलले होते."

"माझ्यावर?"

"तेच तेच ऐकून कंटाळले होते मी. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून ग्रंथाच्या तोंडून बोलले."

"बाकीच्याबी कंटाळल्या व्हत्या?"

"त्यांचं मला माहीत नाय," मी म्हणलं, आणि लगेच म्हणलं, "माहीत हाय. त्याबी कंटाळल्या होत्या."

ड्रम भरत आल्याचा आवाज बदलला. तिनं पाइप तिसऱ्यात घातला. पाणी तिनं सांडू दिलं नाही, एक थेंबही नाही. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हलणारी साडी दिसत होती, हिरवी का निळी तेही नाही.

ती म्हणाली, "चार वर्षं सगळ्या अरेरे म्हणत व्हत्या." मग म्हणाली, "तू तोंडावर बोलली असतीस तर मी गेले नसते. तुझ्याशीबी अबोला धरला असता."

"ते मला माहीत हाय."

"मग आता कशाला सांगितलंस? त्याला मी सांगितलंय, ग्रंथानं धाडलं मला. त्याच्यावरच तो इरघळला. आता काय सांगू, शेजारणीच्या टोमण्यानं आले?"

मी म्हणलं, पत्रिका शंभर घरांत जाईल आणि ग्रंथाच्या नावावर माझं खोटं जाईल. ती म्हणाली, "तुझं खरं तुला लई सोपं गेलं, अक्का. निस्तरायचं मला हाय."

हे मी तेव्हाही ऐकून घेतलं आणि आताही तसंच ठेवते. तिचं बरोबर होतं. आपण खरं बोलून हलकं व्हावं आणि ओझं ऐकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवून निघावं, ही पण एक चलाखीच आहे. मी म्हणलं, मी येते तुझ्यासोबत, मी सांगते त्याला. ती नको म्हणाली. म्हणाली, माझं घर हाय, माझं मी बघीन. तू जा. मला पाणी भरायचंय.

ते पाच दिवस ती वाचनाला आली नाही. मी बसले, पण ग्रंथ उघडला नाही. नुसती वंदना घेतली आणि म्हणलं, घसा धरलाय. हे पुन्हा खोटंच. सवय अशी एका दिवसात सुटत नसते. आपण एक मोठं खोटं कबूल केलं की वाटतं आता आपण स्वच्छ झालो, आणि तेवढ्यात एक लहानसं सुटून जातं. मी ते मनात टिपून ठेवलं, पौर्णिमेला सगळ्यांसमोर बाकीचं सांगीन तेव्हा हेही सांगायचं म्हणून.

पौर्णिमेला सगळं विहार पांढरं असतं. मला पांढरा ढगच दिसत होता. अगरबत्ती-मेणबत्ती लावायला माझ्या बाजूला एक पोरगी बसायची, नर्सिंगला शिकणारी. मी तिला हळूच विचारलं, ती आली का? पोरगी म्हणाली, मागं बसल्यात, एक माणूस हाय, बाई हाय, लहान मुलगी मांडीवर. म्हणजे मुलगा आला होता. हिनं त्याला सांगितलं होतं का नव्हतं ते मला माहीत नव्हतं. आणि मी आता तोंड उघडणार होते.

तिच्या घरचं मी काही बोलले नाही, ते तिचं होतं. मी माझं सांगितलं. डोळे, ठिगळं, घसा, आणि ऑपरेशन का लांबवलं ते. चपलेचं वाक्य ग्रंथात नाही, ते कुणी ग्रंथाच्या नावानं कुठं लिहू नये, हेही सांगितलं. तीन-चार मिनिटांत झालं. इतकं थोडं होतं ते.

बायकांत आधी कुजबुज झाली, मग मोठ्यानं. बऱ्याच जणी म्हणाल्या, अक्का, डोळ्यांचं काय तुमच्या हातात हाय. ते मला आधीच माहीत होतं. वहाणांबद्दल विचारलेली ती म्हातारी मात्र म्हणाली, मग दोन वर्षांत आम्ही जे ऐकलं त्यात ग्रंथाचं कोणतं आणि तुझं कोणतं? हाच प्रश्न खरा होता. मी म्हणलं, आता मलाच नीट सांगता येणार नाही. पुन्हा पहिल्यापासून ऐका, दुसऱ्या कुणाकडून. बाजूची पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मला माहीत व्हतं, आजी. तुम्ही पान उलटायच्या तवा मागच्याच पानावर असायच्या." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही मोठ्या. पुढच्या आषाढापासून तीच वाचते. वाचताना अडखळते, थांबते, मागं जाऊन पुन्हा वाचते. मी सतरंजीवर बसून ऐकते.

वंदना संपल्यावर खीर वाटायला सुरुवात झाली. मी जागेवरच बसले होते, कारण उठून गर्दीत गेले असते तर कुणाच्या तरी पायावर पाय दिला असता. समोर एक माणूस येऊन बसला. आवाज ओळखीचा नव्हता. तो म्हणाला, "मावशी, आईनं मला गुरुवारीच सांगितलं."

"फोनवर?"

"नाय, बसनं आली. तुम्ही काय म्हणालात, का म्हणालात, सगळं सांगितलं."

मी विचारलं, मग तू काय म्हणालास? तो म्हणाला, "काय म्हणणार? म्हणलं, आधी चहा घे." पुढं म्हणाला, पत्रिकेवर आता फक्त बाबांचं नाव आणि तारीख टाकली आहे, वाक्य काढलं. मग मुलीनं मागून हाक मारली म्हणून तो उठून गेला.

मी हिशोब करत बसले. गुरुवार म्हणजे माझ्या सांगण्यानंतरचा दुसराच दिवस. त्या वेळी ती गेली तेव्हा तिच्या हातात ग्रंथ नव्हता, वाक्य नव्हतं, माझं तर काहीच नव्हतं. उलट सांगायला अवघड असंच होतं. ते घेऊन ती पाऊण तास बसमध्ये बसली होती. मी अकरा वर्षं शील म्हणून दाखवलं, आणि ते कसं करतात हे जिला वाचता येत नाही तिनं गाजावाजा न करता करून टाकलं. मला लाज वाटली असं म्हणायला हवं, पण तेव्हा लाजही वाटली नाही. नुसतं दिसलं ते.

ती स्वतः माझ्यापाशी आली ती सगळ्यात शेवटी. बोलायला नाही आली. माझ्याशी ती अजूनही मोजकंच बोलते, आणि पारावर आता तिची ती गोष्ट कुणी ऐकत नाही, कारण ती सांगत नाही. त्या दिवशी तिनं खिरीची वाटी आणली होती. इतकी वर्षं खीर माझ्यापुढं चौरंगावर ठेवली जायची, मान म्हणून. तिनं ती खाली ठेवली नाही. माझा उजवा हात उचलला, वाटी तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं एक-एक करून तिच्याभोवती बसवली, ज्याला दिसत नाही त्या माणसाला देतात तशी.

म्हणाली, "गरम हाय."

मी फुंकर घालून प्याले.